पहिल्या वळणावरच्या कुंड्या

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू कशी आहेस म्हणून विचारतोस आणि मी बरी आहे म्हणून मोकळी होते. कागदावर मला खोटं लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र. मी बरी नाही. सकाळी उठते तीच आंबलेल्या अंगानं. बाइंडिंगखान्यात कागदाचा गठ्ठा उचलला की दंड भरून येतात. पुस्तकं दाबायच्या मोठ्या प्रेसचं चाक आवळलं की मूठ मिटते ती मिटतेच, मग दुसऱ्या हातानं एकेक बोट उलगडत बसायचं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. माझं मुंगीच्या पावलांनी आलं, म्हणून कधी आलं ते मलाच सांगता येत नाही.

डॉक्टर तीन झाले. पहिल्यांनी रक्त तपासलं, सगळं उत्तम निघालं. दुसऱ्यांनी हाडांचे फोटो काढले, हाडं अशी की चारचौघांत मिरवावीत. तिसऱ्यांनी मान वर न करता विचारलं की घरी एकट्याच राहता का, आणि मनावर ताण आहे म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्यांना सांगून आले की मन ठणठणीत आहे, दुखतात ते दंड.

मालक भले आहेत. म्हणतात, ताई, तुम्ही आता पुढे काउंटरवर बसा, प्रेस दुसरं कुणी सांभाळेल. कळकळीनं म्हणतात, म्हणून जास्त लागतं. मला पुस्तकं बांधायची आहेत, आल्यागेल्याला पावत्या द्यायच्या नाहीत. त्यात परवा शिवणीवरच्या दोघी कुजबुजत होत्या की ताईंना काम टाळायला निमित्तच हवं असतं. लहानपणी गल्लीतली पोरं आपल्याला गोगलगायी म्हणायची, ते परवडलं. मला काहीतरी झालंय आणि ते मी हुडकून काढणारच, तू बघ.

तुझ्या मास्तरीणबाईंना आशीर्वाद सांग. शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकून झाली की घरी तुझ्यावर फुंकतात ना?

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तू बरी नाहीस असं लिहितेस म्हणजे खरंच बरी नाहीस. आता मी इथून उंटावरून शेळ्या हाकणार आहे, तेवढं सोस.

परवा एका इस्पितळाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, म्हणून मला दुरुस्तीला बोलावलं. आत एक डॉक्टर होते. त्यांना बाहेर काढेपर्यंत दाराच्या फटीतून मी तुझी सगळी हकिकत सांगितली. बिचारे जाणार कुठे! ते म्हणाले की ही स्नायूंची भानगड दिसते, नेहमीच्या तपासण्यांत ती सापडत नाही. तुझ्या गावात त्यांची एक वर्गमैत्रीण याच विषयातली तज्ज्ञ आहे. पत्ता सोबत पाठवतोय. जा.

माझं म्हणशील तर उत्तम. लिफ्टवाल्याच्या नशिबी जिनेच, कारण चालू लिफ्टसाठी मला कोण बोलावणार? पेपरमिंटची गोळी तोंडात टाकायची, पहिल्या वळणावर उभं राहून वरच्या मोटरचा अंदाज घ्यायचा आणि मग वर जायचं. गिऱ्हाइकाला वाटतं, केवढा जाणकार माणूस, नुसत्या कानानं रोग ओळखतो. तुझा रोगही असाच ओळखता आला असता तर!

आळशी म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. गोगलगायीही पोचतात.

तुझा,
धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. वयानं लहान आहेत, पण ऐकून घेतात. मी बोलत असताना घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. हात दाबून पाहिले, पाय ओढून पाहिले, आणि सगळी ताकद जागच्या जागी निघाली. मला इतका राग आला त्या ताकदीचा!

मग त्यांनी विचारलं की जिना चढताना काय होतं. मी म्हटलं, काही नाही, तिसऱ्या मजल्यावर राहते, रोज चढते. त्या बुचकळ्यात पडल्या. म्हणाल्या की तुम्ही सांगता ते दुखणं आणि हा जिना यांचा मेळ बसत नाही. मी खोटं बोलते असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मला घाम फुटला. शेवटी म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात या, तोवर घरच्या कुणाला तरी विचारा, आपलं चालणंबोलणं आपल्याला दिसत नसतं.

घरचं म्हणजे तुम्ही दोघंच. मी कधी काही वेगळं करताना दिसते का, नीट आठवून लिही. या बाईंनीही हात टेकले तर एप्रिलच्या एक तारखेपासून मी काउंटरवर. मालकांनी तिथे माझ्यासाठी उशी असलेली खुर्चीसुद्धा आणून ठेवली आहे. तिच्याकडे बघितलं तरी अंगाचा तिळपापड होतो.

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

यांनी तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं आणि जिना चढताना काही होत नाही हे ऐकून मी जी हसत सुटले ती थांबेचना. माफ करा, पण काखेत कळसा नि गावाला वळसा तो हाच.

लग्नानंतर मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले होते, आठवतं? आपण तिघं जिना चढत होतो. पहिल्या वळणावर तुम्ही बहीणभाऊ थांबलात आणि तिथल्या शेजाऱ्यांच्या कुंड्यांबद्दल बोलू लागलात. मला वाटलं, किती ही फुलांची हौस! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाजीची पिशवी हातात असतानाही तेच. त्या कुंड्यांत एक वाळकी काटकी होती, वन्सं! तिच्यावर तुम्ही इतकं काय बोलत होता? यांना विचारलं तर म्हणाले की आमच्या घरची रीतच आहे, घर काही पळून जात नाही असं आई म्हणायची.

मी दिवसभर मैदानावर मुलं पळवते, म्हणून मला एक गोष्ट तेव्हाही खटकली होती. दमलेलं माणूस शेवटी थांबतं. तुम्ही सुरुवातीलाच थांबता, आणि मग उरलेला जिना माझ्यापुढे चढून जाता. हे उलटं आहे. डॉक्टरबाईंना अगदी असंच सांगा, तो थांबा गाळू नका.

आणखी एक. हे सगळं मी यांच्यासमोर बसून लिहितेय, आणि हे मघापासून पेपरमिंटच्या रिकाम्या कागदाच्या घड्या घालताहेत.

आपली,
मास्तरीण


२२ मार्च

चि. सौ. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शिट्टीला माझा नमस्कार. तुझं म्हणणं सांगताच डॉक्टरबाई उठल्याच आणि मला बाहेरच्या लांब व्हरांड्यात घेऊन गेल्या. अट एकच, चालायचं आणि मध्ये थांबायचं नाही. थोड्याच वेळात पोटऱ्यांचे दगड झाले. मी सवयीनं खिडकीपाशी रेंगाळले, तशी त्यांनी सावकाश का होईना चालत राहायला सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं ग. आणि मग हळूहळू सगळं सैल पडत गेलं, पाय आपसूक उचलले जाऊ लागले. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या अशा हसल्या की हरवलेली वस्तूच सापडली.

मग स्नायूंसाठीची रक्ततपासणी झाली, तिचा आकडा भलताच चढा आला. परवा शेवटचा रिपोर्टही आला. आजाराचं नाव लांबलचक आहे, पण गोष्ट साधी. कोठीत धान्य भरलेलं आहे आणि किल्ली नाही. स्नायूंनी साठवलेली साखर माझ्या स्नायूंना वापरता येत नाही, आणि हे जन्मापासूनच. जरा दमानं घेतलं की रक्तातून दुसरीकडची रसद पोचते आणि गाडी चालू लागते. औषध नाही. एकदम जोर लावायचा नाही, आधी अंग सैल करायचं, कामाआधी थोडं गोड खायचं, आणि लघवी काळपट दिसली तर तडक इस्पितळ गाठायचं.

मी आळशी नाही. हे वाक्य मी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. बाहेर येऊन रस्त्यातच रडले, मनसोक्त, आणि अगदी आनंदानं.

आता तुझं काम. हे भावंडांत असू शकतं. तुझा तो जाणकार माणूस वळणावर उभा राहून कसला आवाज ऐकतो, ते मला आता चांगलं कळलंय. कानाला धरून तपासायला ने.

तुझी,
वन्सं


१६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी मी पुष्कळ आढेवेढे घेतले. मला काही झालेलं नाही, मी राजरोस जिने चढतो, असं म्हणत राहिलो. हिनं एका शब्दानं वाद घातला नाही. माझ्या खिशातली पेपरमिंटं काढून घेतली आणि म्हणाली, आता चढून दाखवा. घोडामैदान जवळच होतं. न थांबता निघालो आणि पहिला मजला संपायच्या आत पायरीवर बसलो.

रिपोर्ट आला. जे तुला तेच मला. पेपरमिंटचं ऐकून इथल्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ते सांगणार होते तो गोडाचा उपाय मी आपलाआपण करत होतो, म्हणून माझं भागत होतं.

ताई, शाळेच्या शर्यतीत मी मध्येच बसलो होतो, तेव्हा मैदानापासून घरी पोचेपर्यंत बाबा माझ्याशी बोलले नव्हते. रिपोर्ट हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं. त्या पोराला उचलून घ्यावंसं वाटलं.

आणि आता खरं सांगतो. वळणावर आपण थांबायचो ना, तेव्हा मला वाटायचं तू दमतेस, पण थोरली म्हणून बोलत नाहीस. तुला कमीपणा वाटू नये म्हणून कुंड्यांचा विषय मीच काढायचो. माझेही पाय दुखतात हे मी त्यात कधी धरलंच नाही.

मे महिन्यात येतोय. मास्तरीणही येतेय, शिट्टी घेऊन.

तुझा,
धाकटा


२५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही करून घेतलं. अरे वेड्या, मी तर तुझ्यासाठी थांबत होते! तू लहान, तू दमतोस, आणि दमलास म्हटलं की फुगतोस. म्हणून तू कुंड्यांचं काढलंस की मी ते लांबवत न्यायची. तू नोकरीला गेलास तरी मी एकटी तिथे थांबतच राहिले, आणि मला वाटलं ती तुझी सवय अंगाला चिकटली. डॉक्टरांना कशी सांगणार होते? ते दुखणं माझ्या हिशेबी माझं नव्हतंच, तुझं होतं.

काउंटरची खुर्ची मी मालकांनाच बसायला दिली. प्रेसच्या चाकाला आता लांब दांडा बसवलाय, त्यामुळे एकदम जोर लावावा लागत नाही, थोडं थोडं आवळत जाते. सकाळी आधी पानं जुळवायची, अंग सैल झालं की मग प्रेस. शिवणीवरच्या दोघींना मी सगळं समजावून सांगितलं. त्यातली एक आता कामाआधी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवते. दुखतं अजूनही, पण काय दुखतंय ते माहीत आहे.

पहिल्या वळणावर मी एक बाक ठेवून घेतलाय, दोघं बसतील एवढा. शेजाऱ्यांनी आनंदानं कुंड्या बाजूला सरकवल्या. म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही आमच्या रोपांची चौकशी करता, तुमच्यासाठी एवढं करायला नको?

तू आलास की आपण तिथे बसू. कुंड्यांकडे बघायचंसुद्धा नाही. पाय दुखतात असं दोघांनी मोठ्यानं म्हणायचं, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं, आणि मग वर जायचं.

लोभ आहेच, तो चढता राहू दे. सावकाश, बसत बसत.

तुझी,
ताई