शेवटचं फाटक

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचे. सामान उतरवताना कपाटाचा एक पाय मोडला, कुकरची शिट्टी कुठल्या खोक्यात गेली देव जाणे, तरी मी खुशीत आहे. पाणीपुरवठा खात्यानं नोकरीबरोबर घरही दिलंय. रस्त्यावरचं पहिलंच, क्रमांक एक. एका बाजूला दोन नंबरवाले, दुसऱ्या बाजूला थेट कालव्यापर्यंत मोकळी जागा. वसाहत म्हणजे एकच सरळ रस्ता आणि त्याच्या कडेनं खेटून बांधलेली चारशे बारा घरं. पुढे तारेचं कुंपण, की संपलं.

बाबा माझ्याहून खूश. आई गेल्यापासून त्यांचा घरात पाय ठरत नाही, नुसते चालत सुटतात. आजही खोकी तशीच टाकून रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. त्यांचा एक हट्ट आहे. शेवटच्या घराच्या फाटकाला हात लावल्याशिवाय ते मागे वळत नाहीत. मधूनच वळलं तर चालणं फुकट गेलं म्हणतात. आई त्यांना यावरून फार पिडायची. आता ते काम माझ्याकडे आलंय.

बुधवार, ६ मार्च

काम कळलं. दर महिन्याला कुठल्या घराच्या मीटरचं रीडिंग आलेलं नाही ते शोधायचं. त्यासाठी डेटाबेसकडून घरांचे क्रमांक ओळीनं तयार करून घ्यायचे आणि आलेली रीडिंग त्यांच्यापुढे मांडायची. जिथे रिकामं दिसेल त्या घराची चिठ्ठी निघते, ती घेऊन मीटरवाला जातो.

हे क्रमांक बनवणारी जुनी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, बघून मला हसू आवरेना. ती एक क्रमांक घेते, त्यात एक मिळवते, असं घर नोंदीत आहे का ते शोधते, आणि असेल तरच पुढचा क्रमांक बनवते. अशी एकेका दाराशी थांबत थांबत चाळीस मिनिटं घेते. वर आधीच्या कुणीतरी शेरा मारून ठेवलाय, ‘हळू आहे. हळूच राहू द्या.’ आळशी माणसाला काहीतरी कारण लागतंच.

गुरुवार, ७ मार्च

आज भाव खाल्ला. शून्य ते नऊ हे दहा अंक एका टेबलात ठेवले आणि ते टेबल तीनदा स्वतःशीच जोडलं, एककाला एकदा, दशकाला एकदा, शतकाला एकदा. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हजार क्रमांक हजर. कुणाला काही विचारणं नाही, थांबणं नाही.

साहेब खुर्ची ओढून शेजारीच बसले. आणखी वाढवता येतील का म्हणाले. मी म्हटलं, चौथ्यांदा जोडलं की दहा हजार, त्यात काय कष्ट! त्यांनी ते लिहून घेतलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, आईला फार आवडलं असतं. थोडं रडू आलं.

सोमवार, ११ मार्च

घोळ करून ठेवलाय. क्वेरीला कुठे थांबायचं तेच सांगायचं राहिलं. चारशे बारानंतरच्याही चिठ्ठ्या निघाल्या, पार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत. मी पोचेपर्यंत मीटरवाले त्या घेऊन गेलेसुद्धा. लांब ढांगांमुळे त्यांना सगळे उंटराव म्हणतात. म्हटलं, परत येऊन आता हे माझी चांगली फिरकी घेणार.

आले ते रीडिंग घेऊनच. चारशे तेरा, चारशे चौदा, पुढची कितीतरी. मला वाटलं, चेष्टा चाललीय. पण ते हसत नव्हते. चिठ्ठी होती, घर होतं, मीटर होतं, म्हणाले. फक्त प्रत्येक दारात त्यांना एकच प्रश्न विचारला गेला.

“आम्हाला कोणी मोजलं?”

बाबा आज दिवस मावळल्यावर परतले. चेहरा खुललेला. रस्ता वाढवलाय की गं, म्हणाले. नऊशे नव्व्याण्णवच्या फाटकाला हात लावून आलेत. थकलेले मुळीच वाटले नाहीत.

बुधवार, १३ मार्च

स्कूटरवरून बघून आले. कुंपण नाही. आपल्यासारखीच घरं, तसलीच हिरवी फाटकं. प्रत्येक खिडकीत एक माणूस उभा. कपडे वाळत घातलेले नाहीत, कुत्रं नाही, आवाज नाही. बाबा मागे बसून सगळ्यांना हात करत होते. थोडं पुढे जाऊन आरशात पाहिलं, तर सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळलेल्या. मी स्कूटरवरून उतरले नाही.

गुरुवार, १४ मार्च

जुनी क्वेरी परत लावली. आता तीही चारशे बाराला थांबत नाही. रीडिंग भरलं की घर आपोआप नोंदीत जातं, आणि उंटरावांनी पुढच्या कितीतरी घरांची रीडिंग भरलीत. ती दाराशी जाऊन विचारते आणि पुढे जाते.

शुक्रवार, १५ मार्च

बाबांचा घोटा सुजलाय, म्हणून ते घरीच. तेवढी संधी साधून चारशे बाराच्या पुढचं सगळं एका दमात पुसून टाकलं. जाऊन पाहिलं. कुंपण जागच्या जागी. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी उंटरावांची बायको ऑफिसात आली. ते सकाळीच त्या टोकाला गेले होते, राहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन. अजून घरी आले नाहीत. सायकलही नाही, पिशवीही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

शनिवार, १६ मार्च

सकाळी साहेबांनी स्वतःच क्वेरी चालवली, माझी. चौथी जोड घालून. म्हणे, गाव वाढणारच आहे.

घरं परत आली. उंटराव नाही आले.

घरी धावले. बाबांच्या चपला दारात नाहीत.

रविवार, १७ मार्च

बाबांचा फोन लागला. बावीसशेच्या पुढे आहेत. कालपासून चालताहेत. पाय दुखत नाही, भूक नाही, झोप नाही. याचीच मला भीती वाटते. रडले, विनवण्या केल्या, असाल तिथून वळा म्हटलं.

“अगं, समोरच दिसतंय शेवटचं. हात लावतो आणि वळतो.”

पुसता येत नाही. ते मधोमध आहेत. उंटरावांसारखं — नाही, ते मी होऊ देणार नाही. मला आता दुसरं कुणी नाही.

रविवार, संध्याकाळी

सुचलं. समोरच्या फाटकावर काय लिहिलंय ते विचारलं. तेवीसशे सोळा. त्याच्या पुढची तेवढी घरं पुसली.

हात लावला. वळले. हसत होते फोनवर. मी जमिनीवर बसून ढसाढसा रडले.

मंगळवार, १९ मार्च

येताहेत. पहाटे हजाराच्या आत आले. आता शंभरच्या.

मधल्या वेळात क्वेरी नीट करायला घेतली. पहिली ओळ बघितलीच नव्हती कधी. सगळे शेवटाकडेच बघत होतो.

दहा अंक, शून्यापासून. म्हणजे पहिला क्रमांक एक नाही —

शून्याचं रीडिंग काल भरलंय. माझ्या नावानं. मी भरलेलं नाही.

कालव्याकडच्या खिडकीतून पाहिलं. काल तिथे गवत होतं. आज हिरवं फाटक. बाहेर दोरीवर माझी निळी ओढणी.

मंगळवार, नंतर

बाबा आले. मी फाटकात उभी होते, दोन्ही हात पसरून. अगदी समोर आले. तेवढ्यात पलीकडच्या दारातून हाक आली. आवाज माझा.

“बाबा, पाणी तापलंय. पाय शेकून घ्या.”

आलो गं, म्हणाले. तिकडे बघून. माझ्या शेजारून गेले. बाही ओढली तर हातात आलीच नाही —

दार लागलं.

शून्याची ओळ समोर आहे. पुसता येत नाही. ते आत आहेत.

तीही खिडकीशी बसलीय. तिच्यापुढे कॉम्प्युटर. माझ्या घराकडे बघते, मग पडद्याकडे. आता टाइप करतेय. किती झपझप —

माझ्या दारावरचा ‘एक’ हा आकडा पुसट झालाय. स्वयंपाकघराच्या भिंतीतून रस्ता दिसतो —

बाबा खिडकीत आले. इकडेच बघताहेत. मी हात हलवतेय, हाका मारतेय. मोकळ्या जागेकडे बघावं तसं ते नुसतं