कॉकटेलची मादी उडाली ती दुपार

अण्णा,

आज सकाळपासून मी घरातलं काहीही बंद केलेलं नाही. कपाटाची दारं उघडी, बॅगांच्या चेनी उघड्या, पिठाच्या डब्याचं झाकणसुद्धा ओट्यावर पडलंय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय गं, चोर येऊन गेले की काय?" तुमच्या नातीला पहाटे दवाखान्यात नेलंय. पहिली खेप आहे. तिच्याजवळ एकालाच थांबू देतात, म्हणून जावई थांबलेत आणि मी इथे फोनसमोर बसलेय. जीव नुसता टांगणीला लागलाय. अक्षर वाईट येतंय, चालवून घ्या.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तीच भित्री भागूबाई आहे. हा शब्द तुमचाच. कॉकटेल पोपटांची जोडी तुम्ही सातपूरच्या घरी आणलीत तेव्हा मी कॉलेजात होते, आणि तिच्या चोचीच्या भीतीनं लांब उभी होते. कारखान्यातल्या तुमच्या एका मित्रानं ती मुंबईहून आणून दिली होती. राखाडी अंग, गालावर शेंदरी ठिपका, डोक्यावर तुरा. कॉलनीत कोणी असला पोपट पाहिलेला नव्हता, पोरंबाळं खिडकीला लटकायची. नर लगेच रुळला. मादी मात्र हात दिसला की जाळीवर धडका घ्यायची. तुम्ही काय केलंत? फर्स्ट शिफ्टहून यायचं, हातपाय धुवायचे, तळहातावर राळ्याचे दाणे घेऊन हात पिंजऱ्यात ठेवायचा आणि दुसऱ्या हातात पेपर धरून वाचत बसायचं. अर्धा अर्धा तास. हात हलायचा नाही. "भित्र्या जिवाला घाई दाखवायची नाही," तुम्ही मला म्हणालात, "हात म्हणजे फांदी आहे असं तिला वाटलं पाहिजे." सतराव्या की अठराव्या दिवशी ती तळहातावर येऊन बसली. तुम्ही पेपरचं पान उलटलं नाही, मला आठवतंय, तेच पान तासभर धरून बसलात.

पुढे माझं लग्न झालं. निफाडकडच्या द्राक्षाच्या पेटीची फळी कापून तुम्ही त्यांना अंडी घालायला खोकं केलंत, वर बिजागरीचं झाकण, पुढे गोल भोक. आणि मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले त्याच थंडीत मादीनं चार अंडी घातली. दिवसा नर उबवायचा, रात्री मादी. दिवसा ती बाहेर दांडीवर बसून पिसं साफ करायची. तुमची सक्त ताकीद होती, झाकणाला कोणी हात लावायचा नाही, त्यांना एकदा भीती बसली की ती अंड्यांवर परत बसत नाहीत. मला तर तुम्ही पिंजऱ्याजवळ जोरात खोकायचीसुद्धा बंदी केली होती! मी म्हटलं, "अण्णा, लेक कोण तुमची, मी की ती?" तुम्ही हसलात. पण त्या दिवसांत तुम्ही फार हसत नव्हतात. मी जिना उतरले की तुम्ही उठून उभे राहायचात.

का ते मला ठाऊक होतं. आई धाकट्याच्या वेळी गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिच्याबरोबर तोही गेला. तुम्ही त्याबद्दल चार शब्दांच्या वर कधी बोलला नाहीत. "अडली होती. उशीर झाला." बास. बाकीचं मला आपल्याकडेच राहणाऱ्या आत्यानं सांगितलं, तेही मी आठव्या महिन्यात असताना, डिंकाचे लाडू वळता वळता. म्हणे आई अडली तेव्हा आत्यानं घरातली सगळी कुलपं काढायला घेतली, गाठी सोडल्या, डबे उघडले. आपल्याकडे बाई अडली की घरात काही बंद ठेवत नाहीत. तुमची हत्यारांची लोखंडी पेटी तेवढी राहिली. तिची किल्ली तुमच्या पट्ट्याला. आत्यानं मागितली आणि तुम्ही ओरडलात, "कुलूप काढून पोर बाहेर येतं का? डॉक्टरला आणायचं सोडून हे काय चालवलंयस!" आणि धावत डॉक्टरकडे गेलात. पेटी बंदच राहिली. आत्याचा त्यात तुम्हाला दोष देण्याचा हेतू नव्हता हो. पण मला त्या दिवसापासून पलंगाखालच्या त्या पेटीकडे बघवेना.

कळा सुरू झाल्या तेव्हा तुम्ही कामावर होतात. दुपारचे बारा वाजले असतील. शेजारचे काका रिक्षा आणायला गेले आणि रिक्षा काही येईना. आत्यानं माझी वेणी सोडली, कपाटं उघडली, खिडक्या उघडल्या. मग पलंगाखाली वाकून पेटीचं कुलूप नुसतं हातात धरून बघितलं आणि सोडून दिलं. ते मी पाहिलं. कळ कुठली आणि भीती कुठली, कळेना. आत्या रिक्षा बघायला खाली गेली. घरात मी एकटी. आणि समोर एकच बंद दार दिसत होतं.

अण्णा, पिंजरा आत्यानं नव्हता उघडला. मी उघडला. भिंतीला धरून धरून गेले, कडी काढली, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून खोक्याचं झाकणही वर केलं. आत नर अंड्यांवर बसून डुलत होता, सापासारखा फुस्सकन अंगावर आला. मी किंचाळले. त्यासरशी दांडीवरची मादी उडाली, पडद्याच्या रॉडवर आपटली आणि खिडकीतून गेली. मी खिडकीशी गेले. समोरच्या विजेच्या तारेवर ती तुरा ताठ करून बसली होती, तिला कुठे जायचं ते कळत नव्हतं. वर दोन घारी फिरत होत्या. मी तळहात पुढे केला, पण तो लटलट कापत होता. कापणाऱ्या हातावर ती कशी येणार? खाली रिक्षाचा हॉर्न वाजला.

संध्याकाळी तुमची नात झाली. आम्ही दोघी सुखरूप. तुम्ही बघायला आलात, तिला घेतलंत, आणि पक्ष्यांचं नावही काढलं नाहीत. मला वाटलं, परत आली असेल. बाराव्या दिवशी घरी आले तर पिंजऱ्यात नर एकटा. अंड्यांपाशी तुम्ही बल्ब लावून ठेवला होता, पण त्या थंडीत रात्रीची मादीची ऊब कुठून आणणार? चारही गार पडली, जास्वंदीच्या कुंडीत पुरलीत. नर दिवसभर तुम्ही कामावरून आलात की घालायचात ती शिट्टी वाजवायचा. तिला बोलवायचा. आत्याशी तुम्ही बोलत नव्हतात. "एवढी शिकलेली माणसं आजूबाजूला, आणि माझी बहीण अडाणी ती अडाणीच," एवढं एकदा भिंतीकडे बघून म्हणालात. मी तोंड उघडणार तोच तिनं माझा हात दाबला. आत गेल्यावर म्हणाली, "राहू दे माझ्या नावावर. आत्ता तुझ्यावर चिडला तर तुला दूध यायचं नाही." मी गप्प बसले. आधी दुधासाठी, मग नुसतीच. आत्या जाईपर्यंत तुम्ही तिच्याशी नीट बोलला नाहीत, आणि मी पाहत राहिले. याची मला लाज वाटते.

पण आणखी एक आहे. दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी बाळाची दुपटी काढायला मी पलंगाखाली वाकले, तर तुमची पेटी उघडी होती. कुलूप बाजूला, किल्ली कुलपातच. मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला? त्या दिवशी मी तुझे कपडे न्यायला घरी आले तेवढ्यात तो कामावरून आला, उघडा पिंजरा बघून माझ्यावर ओरड ओरड ओरडला, मग तू दवाखान्यात आहेस म्हटल्यावर खाली बसला, पेटी उघडली, आणि तसाच तुझ्याकडे पळाला. मी बघितलं नाही असं दाखवलं." तुम्ही ती पुन्हा बंद केलेली मी कधीच पाहिली नाही.

आपण दोघंही घाबरट होतो, अण्णा. मी तेव्हा बोलले असते तर तुम्ही मला रागावला नसतात, हे मला पेटी बघूनच कळलं होतं. तरी बोलले नाही.

फोन अजून वाजलेला नाही. पाकीट शोधून ठेवलंय, त्यावर पत्ता काय घालणार म्हणा. पण ते चिकटवणार नाही. आज नाही.