कोलमनच्या पायाचं माप

कारिगमोर,
६ मार्च १९११

कोलमनदादास डीलियाचा स. न. वि. वि.

मेल्या, तू जिवंत आहेस! पत्र वाचताना माझ्या हातातला बटाटा चुलीत पडला. ग्लासगोच्या गोदीत बोट पेटली, मेलेल्यांच्या यादीत तुझं नाव आलं, आम्ही रडून बसलो. शेजारचा फेस्टी तुझे बूट घालून दोन रविवार चर्चात मिस्सेला गेलासुद्धा. मेलेल्याचे बूट कुणी तीन रविवार मिस्सेला घातले की ते त्याला वर स्वर्गात पोचतात ना, तिसरा झाला की तुझ्या पायांची सोय झाली. बिचाऱ्याला फोड आलेत, पण आई म्हणते, माझ्या पोरासाठी एवढं सोस.

आणि आता ती मला झोडते! म्हणते, हे पत्र तूच लिहिलंस, मेलेल्या भावाची थट्टा करतेस? गेल्या नाताळात मी बिशपच्या नावानं ‘घरी येतोय’ अशी चिठ्ठी लिहिली नि तिनं अख्ख्या घराला चुना काढला, ते डोक्यात आहे. त्यात तुझं पत्र इस्पितळातल्या नर्सच्या अक्षरातलं. मला बनवता येणार नाही असं काहीतरी धाड, रविवारच्या आत. आणि बूट पाठवू नका असं का रे लिहिलंस?

माया पातळ करू नकोस.
डीलिया


ग्लासगो,
८ मार्च

चि. डीलियास आशीर्वाद.

भोग आता आपल्या खोड्यांची फळं! सोबत पायाचं माप काढून धाडलंय. टायग मोच्याकडे जुनं आहे, त्यावर ठेवायला सांग. कुदळीनं तुटलेली करंगळी तुलाही जमायची नाही. आईला जप. बाकी भेटीत.

तुझा,
कोलमन


कारिगमोर,
१२ मार्च

दादास स. न. वि. वि.

टायगकाकांनी कागदावर कागद ठेवला. केसाचा फरक नाही! आईनं कागदाचे मुके घेतले, मग माझेही.

तेवढ्यात काका म्हणाले, हा डावा झाला, उजवा कुठाय? मी पाकीट उलटं करून झटकलं, दोनदा. मग तुझं ते ‘बूट पाठवू नका’ आठवलं नि मी पाकीट खाली ठेवलं. दादा, जन्मात पहिल्यांदा मला काही वात्रट सुचलं नाही.

आई फेस्टीला म्हणाली, डावा काढ, उजवा तेवढा घालून जा. माझ्या लेकराचा उजवा पाय आधीच वर गेलाय, तो तिथं अनवाणी नको.

आज फेस्टी एका बुटावर लंगडत मिस्सेला गेला. कुणी हसलं नाही. मीही नाही.

डावा चुलीपाशी उबेला ठेवलाय. तेवढा घालायला ये.

आहे तशी माया राहू दे.
डीलिया