चित्रातला सी

१२ सप्टेंबर २००४, रविवार
आजपासून रोज पाऊण तास. सतराव्या शतकातलं जर्मन तलवारबाजीचं पुस्तक ऑफिसच्या प्रिंटरवर छापलं. कागद माझा, टोनर कंपनीचा. हे बरोबर आहे का? विचार करायला हवा. पुण्यात केलेलं जर्मन शेवटी कामी आलं. फिलाडेल्फियाच्या तलवारबाजी मेळाव्याला आमच्या क्लबमधून एकच जण जाणार. निवड सहा नोव्हेंबरला. माझ्याशिवाय मूळ पुस्तक वाचलंय कोणी?

१५ सप्टेंबर
पुस्तकातल्या प्रत्येक चित्रात दोघं, नावाऐवजी अक्षरं: सी आणि डी. सी चुकीचा वार करतो, डी त्याला भोसकतो. मी डी. बायको, मालिनी, सी, हातात व्हॅक्यूमची नळी. पुस्तकातलीच चूक करायची, असं तिला बजावलं. बरं म्हणाली. बुधवारच्या कसल्याशा क्लासबद्दलही काही म्हणाली. मी पान चौदावर होतो. हो म्हटलं.

२ ऑक्टोबर
आठ दिवस खंड. ऑडिट. चिंतन मात्र चालू.
क्लबमध्ये संजयला अनुवाद ऐकवायला घेतला, तर त्याला पार्किंगमध्ये काम निघालं. दगा म्हणत नाही. नोंद करून ठेवतो.
रुही म्हणते, "बाबा, सी इज सो डम्ब. ही नेव्हर लर्न्स." तिला सांगितलं, शास्त्रात सी असाच असतो.

२४ ऑक्टोबर
मालिनीला आतापर्यंत दोनशे अकरा वेळा मारलं. एकदाही हरलो नाही. गर्व होतोय का, तपासलं. नाही.
बुधवारी ती घामाघूम होऊन येते. योगा असावा.

६ नोव्हेंबर, दुपारी ४
निवडीच्या शेवटच्या फेरीत समोर मालिनी. पांढरं जाकीट, मास्क, खरी तलवार. संजय तिला सांगत होता, "वहिनी, खांदा खाली!" म्हणजे त्यालाही ठाऊक!
मी चित्र तिसरं घेतलं. सीने इथे पुढे यायचं असतं. ती आलीच नाही. मीच गेलो.
पाच-शून्य.
गाडीत म्हटलं, हा विश्वासघात आहे. ती म्हणाली, "अरे, तुला विचारून क्लास लावला. तू हो म्हणालास." म्हटलं, वहीत बघतो.

संध्याकाळी ६
बघितलं.

७ नोव्हेंबर
फिलाडेल्फियासाठी मालिनीला सराव हवा. बेसमेंट, सकाळी दहा. अनुवाद माझाच, पण आज डी ती.
नळी बरीच जड आहे. तिने कधी तक्रार केली नव्हती. निदान वहीत तरी नोंद नाही.