बाबांसाठी पवित्र दार

प्रिय आई,

आधी तुझा आशीर्वाद दे, मग बातमी ऐक. बाबांच्या आत्म्यासाठी दंडमाफी मिळाली, त्यांच्या पापांची उरलेली शिक्षा माफ!

ज्युबिली वर्ष आहे, या वर्षात मोठ्या चर्चच्या पवित्र दारातून गेलं की दंडमाफी मिळते, एकदा तरी जाऊन ये, असा तुझा धोशा होता. ते दार इथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. रांग रोज बघते. पण ज्यांना सांभाळते त्या आजींना एकटं सोडता येत नाही, आणि मॅडम कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतात. चोरांची भीती, दुसरं काय! माझा पासपोर्टही त्यांच्याच कपाटात असतो, म्हणजे हरवायची काळजी नाही.

रविवारी फादर आजींना कम्युनियनचा प्रसाद द्यायला आले. मॅडम फोनवर होत्या, तेवढ्यात मी फादरांना गाठलं. पापं कबूल केली, कम्युनियन घेतलं आणि दाराचं विचारलं. ते म्हणाले, "ज्याला बाहेर पडताच येत नाही, त्याला दंडमाफी आहे तिथेच मिळते. आजाऱ्याला मिळते, कैद्याला मिळते. प्रार्थना करून खोलीचा उंबरठा ओलांडला, की तेच पवित्र दार."

मग बाबांचं नाव घेऊन मी आजींच्या खोलीचा उंबरठा ओलांडला. हातात त्यांचं बेडपॅन होतं. बाबा किती हसले असते!

तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या अर्ध्या करून खाऊ नकोस. हे पत्र फादरच टपालात टाकतील, त्यामुळे उशीर झाला तर घाबरू नकोस.

फादरांनी मला आजाऱ्यांत धरलं की कैद्यांत, ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. तब्येतीने मी अगदी ठणठणीत आहे.

तुझी,
धाकटी