विनीचे डोळे

बॉस्टन, ३ मार्च १८५८
आज हॉस्किन साहेबांच्या स्टुडिओत कामाला लागले. तीन जिने चढून गेलं की वर काचेचं छप्पर आणि खाली नुसता उजेड. वर्षभरात पहिल्यांदाच उजेड बरा वाटला. काचेवरच्या फोटोंतल्या गालांना गुलाबी रंग लावायचा, हे माझं काम. साहेबांची बहीण डॉर्कस हिने जेवताना मक्याचा पाव वाढला. म्हणाली, खा गं बाई पोटभर, आमच्या गिऱ्हाइकांपेक्षा तूच फिकट दिसतेस. मला हसू आलं.

९ मार्च
गिऱ्हाइकांबद्दलचा तिचा विनोद आज कळला. निम्मी मेलेली असतात. एक आई गेलेलं बाळ मांडीवर घेऊन बसली. साहेब कॅमेऱ्याचं झाकण काढून वीसपर्यंत मोजतात. फोटोत आई धूसर आली, बाळ मात्र रेखीव. जिवंत माणूस कितीही ठरवलं तरी हलतोच, असं साहेब म्हणाले. कुणी मागितलं तर मिटल्या पापण्यांवर डोळेही रंगवून द्यायचे. फक्त आपल्या माणसाचे रंगवायचे नाहीत. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, बाई, तुम्ही गालांचं बघा.

१४ मार्च
माझ्या लेकीचा, विनीचा, एकच फोटो माझ्याकडे आहे. गोवराने गेली त्या दिवशीचा, माझ्या मांडीवर. चार वर्षांची होती. सातपर्यंत मोजायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. फोटोत डोळे मिटलेले आहेत. त्यांचा रंग मला नीट आठवेनासा झाला आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही.

१५ मार्च
दुपारी रंगवले. तपकिरी.

१७ मार्च
फोटोत विनीची कड पुसट झाली आहे. रंग पसरला म्हणावं, तर रंग फक्त डोळ्यांना दिला होता. आणि मी त्यात धूसर होते. आज माझ्या झग्याची बटणं मोजता येतात.

१९ मार्च
डॉर्कस म्हणाली, बाहुलीसारखी काय बघतेस, पापणी तरी लवव की. लववली. वेळ लागला.

२० मार्च
नवी काच तपासायला साहेबांनी माझाच फोटो घेतला. हलू नये म्हणून मानेमागे लावतात तो टेकू नव्हता, तरी मी अगदी रेखीव आले. मांडी रिकामी होती. फोटोत मांडीवर काहीतरी धूसर — हललेलं. साहेब पांढरेफटक पडले. म्हणाले, कुणाचे रंगवलेत? आत्ताच्या आत्ता पुसून टाका, नाहीतर तुम्ही —

२१ मार्च
चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली. फोटोतून विनीने वर पाहिलं.
एकदा मिटले होते ते डोळे. या हातांनी पुन्हा कसे —
चिंधी वाळली.

२२ मार्च
हात जड. एक ओळ लिहायला सकाळ गेली. मांडी मात्र उबदार आहे.
डोळे तपकिरी नव्हतेच. हिरवट. कडेला पिवळे.
ती म्हणते, आई, हलू नकोस, वीस होईपर्यंत.
मोजते आहे. पाच, सहा, सात. पुन्हा एक —
विनी, वीस येणार कधी —
सहा, सात. ए