तू परत गेली होतीस

माय, तू माझं भाषण एकदाच ऐकलंस. नायगावला, शाळेच्या मैदानावर. बायकांच्या गर्दीत अगदी पुढं बसली होतीस, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीवर. मी तेव्हा नुकतीच नांदेडला कॉलेजात शिकवायला लागले होते आणि बोलायला उभी राहिले की मैदान गप्प होतं, हे मला कळून चुकलं होतं. त्या दिवशी मी आपल्या धाकटीची गोष्ट सांगितली. कंदील लावला की तिचा डावा डोळा मांजरासारखा पांढरा चमकायचा, शेजारणी त्याला हसायच्या, मग तो डोळा तिरळा झाला, लाल झाला. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की ही कॅन्सरची गाठ आहे, डोळा काढला तर पोरगी वाचेल. आणि तू तिला कडेवर घेऊन तशीच दवाखान्याबाहेर पडलीस. "डोळा काढलेल्या पोरीला करून कोन घेईल?" हे तुझं वाक्य मी तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. कुणी दारात आलं की तू तिच्या गालावर हात ठेवून तिचं तोंड स्वतःकडं वळवून घ्यायचीस, तेही हातानं करून दाखवलं. लोक हसले. मग मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "माझ्या बहिणीला कॅन्सरनं मारलं नाही. अडाणीपणानं मारलं." टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत. त्यात तुझी होती का, हे मी पाहिलं नाही.

घरी आल्यावर तू चुलीपुढं बसलीस. मी वाट बघत होते की तू चिडशील, निदान काही विचारशील. तू भाकरी थापलीस, तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "आवाज लई चांगला हाय तुजा. पानी पी, घसा बसंल." पुन्हा त्यावर तू कधी बोलली नाहीस. तुझं ते गप्प राहणं मी कबुली समजले. त्यानंतर तीसेक वर्षं मी ती गोष्ट अहमदपूरला सांगितली, देगलूरला सांगितली, किनवटला, निलंग्याला, जिथं माईक मिळाला तिथं सांगितली. तू गेल्यावरही सांगितली. ऐकून मुली शिकल्या, बायांनी अंगारे-धुपारे सोडले, असं लोक मला येऊन सांगायचे. ते खोटं नव्हतं. अडाणीपणा माणसं मारतो, हे मी आजही मागं घेत नाही.

पण त्या गोष्टीतला एक दिवस मी कुठंच सांगितला नाही. महिन्याभरानं तू परत गेली होतीस. मी अकरा वर्षांची, तुझ्यासोबत होते. निंदणीचं काम सोडून, गावात कुणाला न सांगता आपण सकाळच्या एसटीनं नांदेडला गेलो. धाकटीला तू आपलं जुनेर गुंडाळलं होतंस, डोळा आता पापणीबाहेर आला होता. डॉक्टर रांगेतल्या सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडला, "तेव्हा कुठं होतीस? आता आणलीस होय?" तू खाली बसलीस. त्याच्या टेबलाचा पाय धरलास. "काढा साहेब. लागले तर दोनी काढा. आंधळी राहू द्या, पन लेकरू ठिवा." तो म्हणाला, आता काढून उपयोग नाही. परतीच्या एसटीत धाकटी तुझ्या मांडीवर झोपली होती आणि तू खिडकीकडं बघत मला म्हणालीस, "पयल्या बारीला त्यो काय म्हनला ते मला समजलंच न्हाई गं. डोळा काढतो म्हनला, एवढंच समजलं. तू शीक. कुनी काय सांगितलं ते समजाया पायजे." पुढच्या जूनमध्ये तू मला नांदेडच्या वसतिगृहात सोडलंस. माझं सगळं शिक्षण, सगळं वाचन, सगळं बोलणं त्या एसटीतून आलेलं आहे. आणि तोच दिवस मी गाळला, कारण तो सांगितला असता तर टाळ्या पडल्या नसत्या. लोकांना तुझी दया आली असती. मला तू अडाणी हवी होतीस.

आता मी हे लातूरहून लिहितेय, मुलीच्या घरातून. तिला एक मुलगी आहे, साडेतीन वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिच्या वाढदिवसाचा फोटो मोबाइलवर आला होता. फ्लॅश मारून काढलेला. एक डोळा सगळ्यांचा येतो तसा लाल आलेला, दुसऱ्यात पांढरा ठिपका. मी उत्तर पाठवलं, "लई गोड!" मला ओळखू आलं नाही. इतकी वर्षं सांगून सांगून त्या डोळ्याचं उदाहरण झालं होतं, तो डोळा राहिलाच नव्हता. दोन महिन्यांनी तिची नजर तिरळी व्हायला लागली तेव्हा मुलीनंच डॉक्टर गाठला, आणि तिथून आम्हाला हैदराबादला पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, घराण्यात लहानपणी कुणाला डोळ्याचा कॅन्सर होता का? मुलीनं माझ्याकडं पाहिलं. तो सांगत राहिला की हा आजार कधीकधी रक्तातून येतो, एखादी पिढी सोडूनही येतो, आधी माहीत असलं की बाळाचे डोळे जन्मापासून तपासत राहतात, सुरुवातीलाच सापडतो. बाहेर बाकड्यावर बसल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तू अख्ख्या मराठवाड्याला सांगितलंस. मला सांगितलं नाहीस." मी म्हणाले, "तू तर किती वेळा ऐकलंयस ते भाषण." ती म्हणाली, "हो, टाळ्याबी वाजवल्यात. ते अडाणीपणावर होतं, आई. डोळ्यावर कुठं होतं?"

तुझ्या डॉक्टरनं सांगितलं होतं तेच ह्या डॉक्टरनंही सांगितलं. डोळा काढावा लागेल, लवकर. जावई लगेच म्हणाला, "काढा." मुलगीही म्हणाली. थांबा म्हणणारी मी होते. मी शिकलेली बाई. मी इंटरनेटवर शोधनिबंध काढले, केमो आणि लेझरनं डोळा वाचवता येतो हे दाखवलं, ओळखीतल्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवले, आणखी एक मत घेऊ म्हणाले. ते दोघं माझ्याशी वाद घालू शकत नाहीत. माझ्याशी कुणीच घालू शकत नाही, हेच मी आयुष्यभर कमावलंय. पाच आठवडे गेले. तू म्हणाली होतीस, पोरीला करून कोण घेईल. माझ्या तोंडी आधुनिक उपचार होते, पण मनात तिचा चेहराच होता, शाळेतली पोरं काय म्हणतील तेच होतं. तुला निदान समजलं नव्हतं. मला प्रत्येक शब्द समजत होता. शेवटी डोळा काढलाच. तेव्हा कॅन्सर डोळ्यामागच्या शिरेत उतरला होता, पुढं मणक्यात गेला. मी डॉक्टरला विचारलं, त्या पाच आठवड्यांनी हे झालं का? तो ओरडला नाही. म्हणाला, "मॅडम, ते कुणालाच नक्की सांगता येणार नाही." त्यानं ओरडायला हवं होतं.

केमोसाठी आम्ही महिनोन् महिने नांदेडला वॉर्डात होतो. पोरगी कशी होती म्हणून सांगू. सुई दिसली की स्वतःच हात पुढं करायची आणि सिस्टरला दटावायची, "एकदाच हं. काल दोनदा टोचलीस." नवा डोळा बसवला तेव्हा वॉर्डभर दाखवत फिरली, "ह्यो झोपत न्हाई, राखन करतो." ही बोली ती शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून शिकली. ती बाई इस्लापूरकडची, मजुरी करणारी, सही न येणारी. तिच्याही पोरीला हाच आजार. तिनं ज्या दिवशी ऐकलं त्याच दिवशी अंगठा दिला होता. मी विचारलं, भीती नाही वाटली? "वाटली की. लई वाटली. पन डोळा मोठा का लेकरू मोठं, बाई? अन माझी एका डोळ्यानं दोघींएवढ्या खोड्या करती, बघा ना." तिची पोरगी खरंच आमच्या खाटेखालून रांगत बिस्किटं पळवत होती. मग ती बाई मला म्हणाली, "तुमी भाषनं करता म्हनं? आमच्या बायांना सांगा की हे. लई जनी पळून जातेत." मी मान डोलावली. तिची पोरगी बरी होऊन घरी गेली. मला त्या बाईचा राग आला होता, माय. तू सोडून हे कुणाला सांगू?

आमच्यासाठी आता काही उरलेलं नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, दुखू नये म्हणून औषध दिलंय. काचेचा डोळा आता बसत नाही, त्या बाजूला सूज आहे. मुलगी तिला भरवते, गाणी म्हणते, चार घास गेले की मला येऊन सांगते आणि मग मोरीत जाऊन नळ सोडते. जावई सकाळी कामाला जाताना पोरीला विचारतो, "काय आणू?" ती रोज सांगते, "पेरू." पेरू तिला खाता येत नाही. तो रोज आणतो. अहमदपूरहून भाषणाचं बोलावणं आलं होतं. त्या बाईला मान डोलावून हो म्हटलं होतं, तरी मी जमणार नाही म्हणून कळवलं.

काल दुपारी पोरगी माझ्या मांडीवर होती. शेजारीण विचारपूस करायला आली, दारात चप्पल काढत होती. माझा हात आपोआप वर गेला, तिच्या गालावर बसला आणि मी तिचं तोंड माझ्याकडं वळवलं. ती म्हणाली, "कामून गं, आजी?" शेजारीण चहा पिऊन गेली. हात तिथंच होता.

हे मुलीच्या हातात द्यावं असं लिहायला बसताना वाटत होतं. आता देणार नाही. वर मी लिहिलंय की वाढदिवसाच्या फोटोत मला ओळखू आलं नाही. तिलाही मी तेच सांगितलंय. पण तो फोटो मी दोन बोटांनी मोठा केला होता. मोठा करून कितीतरी वेळ बघितला होता. मग "लई गोड" लिहिलं.